तलावावर जाऊन या

दत्तामामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये होते. मामीचा आवाज इतका नेहमीसारखा होता की मला वाटलं, कैऱ्या आल्यात, लोणच्याला हाताशी ये म्हणून बोलावतेय. "शुभे, मामा आज उठलेच नाहीत बघ. येतेस का?" एवढंच म्हणाली. मी समोरची स्लाइड पूर्ण पाहिली, रिपोर्ट लिहिला आणि मगच जागची उठले. तेवढा वेळ ती बातमी मी खरी होऊ दिली नाही. हर्सूलला, तलावाजवळच्या मामांच्या घरी जाताना रिक्षात माझी मुलगी रुचा शेजारी होती. मी रडत होते, ती रडत नव्हती. रस्त्याकडे बघत ती एकदाच म्हणाली, "आई, माझे आठ दिवस अजून संपले नाहीत." मला तिचा असा राग आला! घरातलं एवढं मोठं माणूस गेलंय आणि हिला आपलंच काहीतरी...

हे आठ दिवस म्हणजे काय, ते मामांना ओळखणाऱ्यांना सांगायला नको. इतरांसाठी सांगते. मामांनी जन्मभर ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर भजन, बाग, हास्यक्लब असलं काही त्यांना मानवलं नाही. एकच काम उरलं, ते म्हणजे दहावी झालेल्या पोरांचे विषय. आमच्या नात्यातली, कॉलनीतली, पार करमाड आणि अजिंठ्याकडचीही पोरं आईबापांसोबत त्यांच्याकडे यायची. ए ग्रुप घ्यावा की बी, म्हणजे गणित ठेवावं की जीवशास्त्र, की काहीच सोडवत नाही म्हणून दोन्ही डोक्यावर घ्यावं... मामा चहा होऊ द्यायचे, गावाकडची विचारपूस करायचे आणि मग आईबापांना म्हणायचे, "तुम्ही तलावावर जाऊन या." माणसं गोंधळायची. एकदा एक साहेबी थाटाचे वडील म्हणाले, "सर, निर्णय शेवटी आम्हालाच घ्यायचाय ना?" मामा म्हणाले, "घ्या की. पण आधी तलाव बघून घ्या." आणि त्यांना चप्पल घालायला लावली.

मग पोर आणि मामा, दोघंच. आत काय बोलणं व्हायचं ते पोरं फारसं सांगत नसत. फार खोदून विचारलं तर कळायचं की सरांनी विचारलं, गणित चुकलं, आकृती चुकली, उत्तर चुकलं, तरी ज्याचा राग येत नाही असा तुझा विषय कोणता? आईबाप तलावावरून घामाघूम होऊन परतले की मामा बजावायचे, "आता आठ दिवस घरात या विषयावर अक्षर काढायचं नाही. मग पोरगं सांगेल, ते ऐकायचं." पोरालाही तेवढे दिवस तोंड उघडायची बंदी. आणि गंमत म्हणजे, ज्यांच्या घरात बायकोचं कुणी ऐकत नव्हतं, त्या घरातही मामांचं ऐकलं जायचं.

माझ्या वेळी मात्र माझ्या वडिलांना कुणी तलावावर पाठवलं नाही. वडील अजिंठ्यात सोसायटीत कारकून. दहावीला मला गणितात गावात कुणाला पडले नव्हते इतके मार्क पडले, म्हणून ते मला घेऊन औरंगाबादला आले. शहराचं नाव तेव्हा तेच होतं आणि माझ्या तोंडात अजून तेच येतं. शिकायला मामांकडे राहायचं हे आधीच ठरलं होतं. विषयांचं जेवताना ठरलं. मामा वरणभात कालवत म्हणाले, "शुभा बी ग्रुप घेईल. गणित नको." वडील म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं." मी पोळ्या घेऊन दारात उभी होते. "मुलींना बायोलॉजी बरी पडते," असं काहीसं मामा पुढं म्हणाले आणि मामीनं त्यांना ताक वाढलं. झालं! माझ्या आयुष्याचा निकाल ताकाच्या आधी लागला.

मी भांडले नाही. तेव्हा भांडायची पद्धतही नव्हती. पण मनात एक गोष्ट जी बसली ती बसलीच. मामा गणितातले जाणकार, त्यांना माझ्या गणितात काहीतरी उणं दिसलं असणार. मार्क काय, पाठांतरानंही पडतात. आतलं जे लागतं ते माझ्यात नसेल... कॉलेजात आमची बायोलॉजीची लॅब आणि मामांचा वर्ग यांच्यामध्ये एकच भिंत होती. मी झुरळ उघडून बसलेली असायची आणि पलीकडून मामांचा आवाज यायचा, त्रिकोणमितीचा, खणखणीत. फळ्यावर खडू थांबला की मी पुढची पायरी मनातल्या मनात मांडायची. ती बहुतेक वेळा बरोबर असायची. तरी मला वाटायचं, हा योगायोग.

मामांचं माझ्यावर प्रेम नव्हतं असं कुणी म्हणेल तर मी त्याचं तोंड धरीन. हंगामात पेरू आणले की त्यातला कडक, आत गुलाबी निघेलसा माझ्यासाठी बाजूला ठेवायचे. बारावीच्या पेपरांना ते उन्हात केंद्राबाहेर ओला रुमाल डोक्यावर टाकून उभे असायचे. मेडिकलला नंबर लागला नाही तेव्हा बीएस्सीच्या रांगेत माझ्याऐवजी तेच उभे राहिले. पण संध्याकाळी घरी पोरं गणितं घेऊन यायची आणि मी चहा द्यायच्या निमित्तानं जरा जास्त वेळ दारात रेंगाळले, की वर न बघता म्हणायचे, "शुभे, तुझं जर्नल झालं का?" तेवढ्यानं मला कुणीतरी दार लावून घेतल्यासारखं व्हायचं. आज माझं लॅबमध्ये बरं चाललंय, रक्ताच्या पेशी मला ओळखीच्या माणसांसारख्या दिसतात, तक्रार करायची तर तोंड नाही. पण अजूनही सिग्नलला उभी असले की पुढच्या गाडीच्या नंबराचे मी अवयव पाडत बसते.

म्हणून रुचाचं मी ती बालवाडीत असतानाच ठरवून टाकलं होतं. काहीही घे, गणित सोडायचं नाही. तिला गणित येतं, छान येतं. आवडतं का, हे विचारायची मला कधी गरजच वाटली नव्हती. परीक्षा संपल्यावर तिला मामांकडे नेलं ते खरं तर माझ्या निर्णयावर शिक्का उठवायला. मामा थकले होते. पेपर टाकणाऱ्या मुलाला कधीकधी आपल्या वारलेल्या भावाच्या नावानं हाक मारायचे. पण त्या दिवशी धुतलेला सदरा घालून ताठ बसले होते. मला आणि नवऱ्याला म्हणाले, "तुम्ही तलावावर जाऊन या." आम्ही गेलो. पाणी पार आत सरकलं होतं आणि काठाच्या चिखलाला भेगा पडल्या होत्या. परत आलो तर मामा खुर्चीत डोळे मिटून बसलेले आणि रुचा समोर मांडीवर हात ठेवून, अगदी गप्प. घरी येताना विचारलं तर म्हणाली, "आठ दिवस." आणि त्या आठ दिवसांतच मामा गेले.

आठ दिवस संपले. तेरावा झाला. निकाल लागला, अकरावीच्या प्रवेशाची गडबड सुरू झाली. रुचा काही बोलेना. "सांगेन" म्हणायची आणि उठून जायची. मामांचं शेवटचं सलग बोलणं माझ्याच घरात, माझ्याच लेकीच्या पोटात होतं आणि ती ते मला देत नव्हती. मी काय अवस्थेत होते, सांगता येत नाही. लॅबमध्ये मशीन थांबलं की पलीकडच्या भिंतीतून खडू ओढल्याचा आवाज येई... पलीकडे खडू कुठला, दातांचा दवाखाना आहे. स्वयंपाक करताना पाठीमागं कुणीतरी माझं जर्नल विचारायला उभं असल्यासारखं वाटे. मी वळून बघायची. एकदा तर "झालं, मामा" असं मोठ्यानं म्हणाले आणि नवरा दचकून बाहेर आला. मेलेल्या माणसाचं भय नव्हतं ते. त्यांनी माझ्या मुलीतही तेच उणं पाहिलं की काय, याचं भय होतं.

गेल्या रविवारी मामीकडे गेलो होतो, मी आणि रुचा. दुपारी फाटक वाजलं. करमाडचे एक गृहस्थ होते, शेतकरी, सोबत दहावी झालेली मुलगी. "सर हायेत का?" त्यांनी विचारलं. आणि मामी सवयीनं म्हणून गेली, "आहेत ना. या, बसा." ती पाणी आणायला आत वळली, माठाशी पोचली आणि पेला हातात धरून तशीच उभी राहिली. मलाच बाहेर येऊन त्या माणसाला खरं काय ते सांगावं लागलं. ते खुर्चीच्या कडेवर टेकले. "आरं देवा... आमाला कायबी म्हाईत नाय बघा. लई आशेनं आलतो. थोरल्याचं सरांनीच केलतं. आता हिचं कुणाला इचारावं?" मुलगी खाली मान घालून बसली होती.

तेवढ्यात रुचा आतून आली आणि आम्हा दोघांकडे बघून म्हणाली, "तुम्ही तलावावर जाऊन या." तोच ठेका, तोच शेवटी थोडा खाली येणारा सूर. ते गृहस्थ आज्ञा झाल्यासारखे उठले. मीही उठले. बांधावरून आम्ही दोन अनोळखी माणसं मुकाट चालत राहिलो. पाऊस नुकता पडून गेला होता, पाणी अजून यायचं होतं. मी विचारलं, "मुलीला काय हवंय?" ते थांबले. "खरं सांगू का ताई? म्या तिला इचारलंच नाय. म्हणलं, सर इचारतेल की." मग स्वतःशीच हसल्यासारखं करून म्हणाले, "तुमी तुमच्या पोरीला इचारलं आसंल." मी म्हटलं, "व्हय." खोटं बोलले.

परत आलो तर दोघी मुली हसत होत्या. बापलेक गेल्यावर मी रुचाला म्हटलं, "काय विचारलंस तिला?" "काही नाही. तीच बोलत होती, मी ऐकत होते." मग ती मामांच्या खुर्चीसमोर, त्या दिवशी बसली होती तशीच बसली आणि म्हणाली, "आई, त्यांनी मला विषयाचं काही विचारलंच नव्हतं. त्यांना मी म्हणजे तू वाटत होतीस."

मी उभीच होते. ती सांगत गेली. "मला शुभे म्हणाले. म्हणाले, शुभे, तुझ्या गणितात काही कमी नव्हतं गं. मीच भ्यालो. भाची माझ्याच घरात राहणार, माझ्याच वर्गात बसणार, पेपर मीच काढणार आणि मीच तपासणार... तू पहिली आली असतीस आणि लोक म्हणाले असते, सरांनी घरातलंच पोर वर काढलं. म्हणून तुला भिंतीपलीकडं बसवलं. तू पलीकडं आहेस हे मला रोज माहीत असायचं."

मामांच्या सचोटीच्या गोष्टी सगळ्या कॉलेजनं सांगितल्या आहेत. मामीच्या सख्ख्या भावाच्या शिफारशीलाही त्यांनी दाद दिली नव्हती. त्या सचोटीची किंमत कुणी चुकवली ते त्यांना ठाऊक होतं, आणि मला नव्हतं. तलाव, आठ दिवस, तो चुकण्याचा प्रश्न, हे सगळं माझ्यानंतर सुरू झालं हे मला खुर्चीसमोर उभं असताना पहिल्यांदा सुचलं. मामा दुसऱ्यांच्या पोरांना आयुष्यभर विचारत बसले, जिला विचारायचं होतं ती स्वयंपाकघरात मामीबरोबर पापड लाटत असताना.

"इतके दिवस का नाही सांगितलंस?" मी विचारलं. रुचा सरळ माझ्याकडे बघत म्हणाली, "कारण तू म्हणाली असतीस, बघ, मामा शेवटपर्यंत गणितच म्हणत होते. आणि मला गणित नकोय, आई. मला त्याच्याऐवजी भूगोल घ्यायचाय. मला तो आवडतो. चुकलं तरी आवडतो." मामांचं नाव पुढं करून अगदी तसंच म्हणाले असते मी. एका शब्दाचाही फरक झाला नसता. "घे," मी म्हटलं. माझा आवाज फारसा चांगला लागला नाही, पण म्हटलं. तिनं मान हलवली आणि तरी उठली नाही. अजून काहीतरी शिल्लक होतं.

"त्यांनी शेवटी एकच विचारलं होतं," ती म्हणाली. "रागावलीस का गं, असं. माझा हात धरून. मग मी तुझ्या वतीनं म्हटलं, नाही मामा. त्यांनी डोळे मिटले. आणि मग तुम्ही आलात... चुकलं का माझं?"

"बरं केलंस," मी म्हणाले. पोरीनं एका म्हाताऱ्या माणसाला शांत झोपवलं होतं, तिला दुसरं काय सांगणार? आता ती भूगोल घेऊन बसते, नकाशे भिंतीला डकवते. मीच अधूनमधून हर्सूलला जाते, मामी दुपारची आडवी झाली की त्या खुर्चीसमोर बसते. मामा, रुचा लहान आहे, तिला माहीत नव्हतं. मी रागावले होते. फार रागावले होते. आणि तुम्ही मला विचारलंत, तेव्हा मी तलावावर होते.