तुळशीभोवतीचा टँगो

राग माझ्या नाकावर असतो, आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. टँगोसुद्धा मी रागातच शिकले.

तेव्हा मी जळगावात अकरावीला इंग्रजी शिकवत होते. धड्यातल्या एका ओळीत तो शब्द आला आणि मागच्या बाकावरून एका पोरीने विचारलं, “मॅडम, टँगो म्हणजे?” मी म्हटलं, “एक नाच असतो.” “पण कसा असतो?” आली का पंचाईत! “परीक्षेला येणार नाही, बस खाली,” म्हणून तिला गप्प केलं, आणि घरी येईपर्यंत स्वतःवरच चडफडत राहिले. त्याच संध्याकाळी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत जाऊन बसले.

तेव्हाचं इंटरनेट म्हणजे टेलिफोनची लाइन आधी किंचाळायची, मग खरखरायची, मग लागली तर लागायची. एक चित्र उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. व्हिडिओचं तर नावच नको. अक्षरं मात्र भराभर यायची, आणि त्या अक्षरांतून मला एक मेलिंग लिस्ट सापडली. जगभरचे टँगो नाचणारे तिथे पत्रं लिहायचे. एकाने लिहिलेलं सगळ्यांना पोचायचं आणि सगळे त्याच्यावर तुटून पडायचे. पाऊल कसं टाकावं, मिठी किती घट्ट असावी, कुणाला नाचायला बोलवायचं तर कसं, यावर भांडणं. आणि काय एकेक भांडणं! माझं माहेर धुळ्याचं. मला तर घरी आल्यासारखं वाटलं.

आमच्या ह्यांचं मोटर रिवायंडिंगचं दुकान. चोपड्यापासून मुक्ताईनगरपर्यंतच्या विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी त्यांच्याकडे येतात. बोलणं कमी. मी घरी येऊन म्हटलं, “अहो, मला नाचायचंय.”

“कोणाचं लग्न आहे?”

“कोणाचंच नाही. तुम्ही नुसते उभे राहा.”

ते उभे राहिले. बस, एवढीच आमची सुरुवात.

जागा एकच होती, घराची गच्ची. वेळही एकच, पहाटे साडेपाचची, कारण जळगावचं ऊन आठनंतर माणसाला गच्चीवर उभं राहू देत नाही. गच्चीच्या मधोमध सासऱ्यांनी बांधलेलं तुळशीवृंदावन. त्याच्याभोवती आम्ही फिरायचो. हे पुढे चालायचे, मी त्यांच्या मिठीत मागे मागे चालायची. या नाचात ठरलेल्या पायऱ्या नसतात. पुढचा छातीने सांगतो, मागचा ऐकतो. हे सगळं मी पत्रांतून वाचलेलं. कॅफेत प्रिंट काढायची, जिन्याच्या दाराला चिकटवायची, आणि वाचून वाचून चालायचं.

शेजारच्या गच्चीवर उन्हाळ्यात अक्का बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायला यायच्या. धुळ्याकडच्याच, माझ्या माहेरच्या बोलीतल्या. पहिल्या दिवशी हातातलं पीठ तसंच ठेवून कठड्याशी आल्या. “माय वं! हाई काय शे?”

नवरा-बायकोची मिठी, तीही उघड्यावर! मी झटकन मिठी सोडवायला लागले. ह्यांनी शांतपणे उत्तर दिलं, “अक्का, कंबर धरलीय. डॉक्टरने असं चालायला सांगितलंय.”

आठ दिवसांत गल्लीभर झालं की बिचाऱ्याची कंबर गेली, पण बायको मोठी गुणाची, रोज पहाटे धरून चालवते. मी आयुष्यात एवढी गुणाची कधीच नव्हते. कुणी काही बोललं नाही आणि आमचा रियाज चार वर्षं निर्धास्त चालला.

लिस्टवर कॅनडातले एक गृहस्थ होते, निवृत्त पोस्टमन. नवशिक्यांना ते लांबलचक पत्रं लिहायचे. पूर्ण वजन एका पायावर गेल्याशिवाय दुसरा हलवू नका. हाताने ओढू नका. थांबणं हाही नाचच आहे. माझ्या दारावरच्या प्रिंटांपैकी निम्म्याहून जास्त त्यांच्याच पत्रांच्या. दारावरून उतरवलेल्या त्यांच्या प्रिंटांनी माझी एक फाइल भरलेली, आणि माझं डोकंही त्यांनीच फिरवलं. एकदा कुणीतरी विचारलं, आमच्या गावात शिक्षक नाही, या पत्रांवरून टँगो शिकता येईल का? पोस्टमनने उत्तर दिलं, “नाही. मी जन्मभर टपाल वाटलं. पाकिटातून सगळं जातं, मिठी जात नाही.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे आम्ही चार-चार वर्षं पहाटे उठून काय शेंगा सोलत होतो? तिथल्या तिथे लिहिलं, की मी भारतातल्या जळगाव नावाच्या गावात पत्रं वाचूनच शिकले आहे आणि उत्तम नाचते. ‘उत्तम’ हा शब्द लिहायची काही गरज नव्हती. पण मी लिहिला.

मग आमची जुंपली ती जुंपलीच. तोवर मी लिस्टवर बऱ्यापैकी शहाणी म्हणून नावाजले होते. गर्दीत धक्का न लागता कसं नाचावं यावर मी मोठं पत्र लिहिलेलं. नाचायला तोंडाने बोलवायचं नसतं, लांबून नजर द्यायची, समोरच्याने मान हलवली तरच उठायचं, हा रिवाज मी दूरदूरच्या देशांतल्या लोकांना समजावून सांगितलेला. आणि आजवर मी नाचले होते फक्त नवऱ्याबरोबर, एका तुळशीभोवती. हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पोस्टमन भांडायचे पण माणूस दिलदार. एकदा त्यांनी जुन्या गाण्यांची कॅसेट पाठवली, वर लिहिलं, “निदान गाणी तरी पाकिटातून जातात.” असा राग आला मला! कॅसेट मात्र झिजेपर्यंत वाजवली.

एक दिवस त्यांचं पत्र आलं, सगळ्यांना. मुलगी पुण्यात कामाला आहे, तिला भेटायला येतोय. पुण्यात रविवारी दुपारी टँगोवाले जमतात. जळगावच्या बाईंनी यावं. त्यांच्याबरोबर एक फेर नाचेन आणि जे दिसेल ते लिस्टला कळवेन.

फेर म्हणजे चार गाणी, एकाच जोडीदाराबरोबर. त्यात एक भयंकर रिवाज आहे. चार गाणी संपायच्या आत कुणी “थँक यू” म्हटलं, तर त्याचा अर्थ, पुरे झालं तुमच्याबरोबर. म्हणजे पोस्टमनने दुसऱ्याच गाण्याला आभार मानले की जगभर माझी शोभा.

मी ह्यांना म्हटलं, “मला ताप आलाय असं कळवते.”

हे म्हणाले, “मोटर बांधून झाली की पाण्यात सोडून बघावीच लागते.”

स्टँडमागच्या एका चाचांकडून चामडी तळाच्या चपला शिवून घेतल्या आणि पहाटेची गाडी धरली. पुण्यात एका शाळेच्या वरच्या मजल्यावर हॉल होता. गुळगुळीत फरशी, पंधराएक जोडपी, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत पांढऱ्या मिश्यांचा उंच म्हातारा. त्यांनी उठून नमस्कार केला, हसले, आणि परत बसले. आधी बघणार होते तर!

आम्ही फरशीवर उतरलो. हे पुढे, मी मागे मागे. दहा पावलंही झाली नसतील, माझी पाठ धाडकन एका बाईच्या पाठीवर आदळली. “सॉरी” म्हणेपर्यंत दुसरी. मग तिसरी जोडी थेट अंगावर. अख्खा हॉल आमच्या समोरून येत होता! कुणीतरी ओरडलं, “अहो, उलटे! उलटे चाललात!”

तेव्हा उजेड पडला. टँगोच्या फरशीवर सगळे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. आम्ही चार वर्षं तुळशीला उजव्या हाताला ठेवून, म्हणजे काट्यांच्या दिशेने, फिरत होतो. प्रदक्षिणा दुसऱ्या बाजूने घालतात हे कुणाच्या डोक्यात तरी येईल का? आणि लिस्टवर एवढं लिहिलं गेलं, पण दिशा कुणी लिहिली नव्हती. सगळ्यांनाच माहीत असलेली गोष्ट कोण कशाला लिहील! अख्ख्या जगाला गर्दीत धक्का कसा लावू नये हे शिकवणारी बाई दोन मिनिटांत तिघींना धडकली होती. दोन पोरी तोंडावर हात ठेवून खुसखुसत होत्या. कोपऱ्यातल्या पोस्टमनने चष्मा काढून पुसायला घेतला.

मी बाजूला येऊन पर्स उचलली. डोळे भरून आलेले. “चला. आपल्याला काही येत नाही. म्हातारा खरं बोलत होता.”

ह्यांनी पर्स माझ्या हातातून घेतली आणि खुर्चीवर ठेवली. “मोटर चांगली आहे गं. उलटी फिरतेय, एवढंच. नवीन कनेक्शनला होतं कधी कधी. दोन वायरी अदलाबदल केल्या की सुलटी फिरते.” असं म्हणून मला खांद्याला धरून स्वतःच्या जागेवर उभं केलं आणि आपण माझ्या जागेवर येऊन उभे राहिले. “झालं. चल आता.”

खरंच, झालंच की! आता ह्यांचं तोंड बरोबर दिशेला होतं. मी डोळे मिटले. मागे चालणाऱ्याला दिशा लागतेच कुठे? समोरची छाती सांगते तेवढं ऐकायचं, आणि ही छाती मला चार वर्षं पाठ होती. पहिलं गाणं गेलं, दुसरं गेलं. कुणाचा धक्का नाही, कुणाचा “सॉरी” नाही. चौथ्याला तर वळणावर हे एक ठोका थांबले, मीही थांबले, आणि आमच्या मागची जोडी आमच्यासाठी थांबली. मला गच्चीवर असल्यासारखं वाटलं.

खुर्चीत बसून मी पाणी पीत होते तेव्हा समोरून नजर आली. पोस्टमन बघत होते.

आता सांगते, हा रिवाज मी जगाला समजावला होता खरा, पण आम्ही लहानपणापासून परक्या पुरुषासमोर नजर खाली घालायला शिकलेल्या. माझी मान आपोआप खाली गेली. नजर चुकवली म्हणजे नकार! दोन क्षणांत तो म्हातारा दुसरीकडे बघेल आणि लिस्टला लिहील की बाई घाबरली. छे! मागच्या बाकावरच्या पोरांकडे मी ज्या डोळ्यांनी बघते त्या डोळ्यांनी सरळ त्यांच्याकडे बघितलं. ते जरा दचकलेच. मग मान हलवली. मीही हलवली.

पहिलं गाणं. त्यांची मिठी ह्यांच्यापेक्षा वेगळी, उंच, सैल. माझं वजन पायावर पूर्ण पोचतंय का, ते थांबून बघत होते. पोचत होतं. गाणं संपलं. आभार नाहीत.

दुसरं गाणं. मध्येच त्यांनी असं काही वळवलं जे आम्ही कधी केलंच नव्हतं. माझं डोकं म्हणालं, मेलीस. पाय मात्र वळले. गाणं संपलं, त्यांनी तोंड उघडलं. संपलं, म्हटलं मी. ते म्हणाले, “उजवा हात सैल सोडा.” जीव भांड्यात पडला.

तिसऱ्या गाण्यात मी हात सैल सोडला. चौथं गाणं त्यांच्याच कॅसेटमधलं होतं, जिची फीत मी झिजवली होती. त्यातली प्रत्येक थांबायची जागा मला माहीत होती. एका जागी मी थांबले आणि ते माझ्यासाठी थांबले. चाळिशीतली जळगावची मास्तरीण आणि सत्तरीतला कॅनडाचा पोस्टमन, दोघेही हलेनात. मग सूर आला आणि आम्ही बरोबरच निघालो.

गाणं संपलं. “थँक यू,” ते म्हणाले. चौथ्यानंतर, म्हणायचं तेव्हा. मला खुर्चीपर्यंत सोडायला आले आणि हळूच विचारलं, “आता खरं सांगा. कुणाकडे शिकलात?”

मी पर्समधून फाइल काढली. दारावर चिकटवून कोपरे फाटलेल्या प्रिंट, उन्हाने पिवळ्या पडलेल्या, एकीवर अक्कांच्या बिबड्यांचं पीठ. प्रत्येकीच्या खाली त्यांचंच नाव. ते एकेक पान उलटत गेले. चष्मा परत काढला आणि या वेळी बराच वेळ पुसला.

“पोचलं तर,” एवढंच म्हणाले.

लिस्टला त्यांनी दोन ओळी लिहिल्या. जळगावच्या बाई बरोबर होत्या, मी चूक होतो. आणि नवशिक्यांसाठी सूचना, फरशीवर घड्याळाच्या उलट दिशेने फिरावं, हे लिहायचं राहून गेलं होतं. त्याचीही मी प्रिंट काढली आणि दारावर सर्वांत वर लावली.

आता जळगावात दर रविवारी सकाळी एका मंगल कार्यालयाच्या रिकाम्या हॉलमध्ये आमची आठ-दहा जोडपी जमतात. धुळ्याहून दोन येतात, एक इंजिनिअर नरडाण्याच्या कारखान्यातून बायकोला घेऊन येतो. पोरं फोनवर व्हिडिओ बघून शिकतात, मी त्यांना तरीही वाचायला लावते. सगळे फेर जगासारखे, फक्त शेवटचा आमचा. हॉलच्या मधोमध तुळशीची कुंडी आणून ठेवायची आणि तिला उजव्या हाताला ठेवून फिरायचं. इथला रिवाजच आहे तसा.

गेल्या हिवाळ्यात पुण्याची मंडळी मुद्दाम आली होती, मोठी सफाईदार नाचणारी. शेवटचा फेर लागला आणि त्यांच्यातली पहिली जोडी ऐटीत निघाली ती थेट आमच्या अंगावर. मग दुसरी. पाठीला पाठी धडकल्या, नुसतं “सॉरी, सॉरी” सुरू झालं. भिंतीकडच्या खुर्चीत अक्का बसल्या होत्या. कंबरेची गोष्ट खोटी होती हे त्यांना केव्हाच कळलंय, आता त्या दर रविवारी बघायला येतात. त्यांनी मला जवळ बोलावलं.

“या लोके उलटा काबर फिरी ऱ्हायनात वं?”

मी म्हटलं, “नवा शेतस, अक्का. शिकतीन.”