उभ्या गाडीनं प्यालेलं तेल

"रशीदभाई, गाडी तेल पितीय का बबन इकतोय, एवढंच मला सांगा," आप्पा म्हणाले आणि माझ्या गॅरेजमधल्या एकुलत्या एक धड खुर्चीत बसले.

बबन म्हणजे त्यांचे ड्रायव्हर, बबनमामा. ते बाहेर नळाखाली हात धूत उभे होते. हात स्वच्छच होते, पण आत येऊन बसावं असं वातावरण नव्हतं.

माझं गॅरेज न्हावऱ्याच्या फाट्यावर आहे. याच जागी माझे वडील बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धावा बसवायचे. मी इंजिनं करतो. गिऱ्हाईक मात्र तेच. बिघाड काय आहे हे त्यांनी घरूनच ठरवलेलं असतं, आपण फक्त मान हलवायची.

आप्पा माजी सरपंच आणि दूध संस्थेचे संचालक. पंचक्रोशीतलं लग्न असो की दशक्रिया, त्यांच्याशिवाय उरकत नाही. गाडी जुनी, पांढरी, डिझेलवरची. ती घेतली त्याच वर्षी ते सरपंच झाले, म्हणून ती विकायचं नाव काढायचं नाही. ही गाडी आता आठवड्याला लिटरभर ऑइल खात होती. डिझेल जळण्यासाठीच असतं. ऑइल मात्र इंजिनात फिरून, सगळ्या भागांना वंगण देऊन परत खालच्या टाकीत, म्हणजे संपमध्ये यायला हवं. जुनं इंजिन थोडं खातं, पण इतकं नाही. ऑइलचे कॅन दुकानातून मामा आणायचे आणि मामाच ओतायचे. झालं, संशयाला एवढं पुरे.

आप्पा गाडीकडे गेल्यावर मामा माझ्याजवळ आले. "मला कामावरनं काढलं तरी चालंल," ते म्हणाले, "पन चोर म्हनून नको. पोरीची सुपारी फुटलीय. वरवंडच्या पावन्यांच्या कानावर गेलं तर काय सांगू?"

मी गाडीखाली शिरलो. गळती कुठेच नाही, संप बाहेरून कोरडा. मग सील लावायची कल्पना आप्पांनीच काढली. "मतपेटीला लावत्यात तसं लावा," ते म्हणाले. निवडणुका लढलेल्या माणसाचा विश्वास सीलवरच असतो. मी ऑइल सोडायच्या खालच्या ड्रेन बोल्टवर रंगाची रेघ मारली आणि ऑइल ओतायच्या वरच्या झाकणाला तारेचं सील लावलं. आठवड्यानं गाडी आली. रेघ जागेवर, सील जागेवर, आणि डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवर, ऑइल खालच्या खुणेच्याही खाली.

मला वाटलं, मामा सुटले. आप्पांनी डिपस्टिकच्या भोकाकडे बोट केलं. "हितनं ओढलं असंल."

त्या भोकातून एवढं ऑइल ओढण्यापेक्षा लाथाळ म्हशीची धार काढणं सोपं, असं मी त्यांना सांगितलं. ते हसले नाहीत. शेवटी मीच म्हणालो, मला एक दिवस गाडीत बसू द्या.

सकाळी इनामगावला घोड नदीकाठी दशक्रिया होती. आप्पा उतरता उतरता म्हणाले, "बबन, बंद करू नको, दोन मिन्टात आलो." गाडी घुरघुरत उभी राहिली. आप्पांनी श्रद्धांजली वाहिली, मग सगळे पिंडाला कावळा शिवण्याची वाट बघत बसले. कावळा समोरच्या बाभळीवर होता. तो आमच्या गाडीकडे बघायचा आणि जागच्या जागी सरकायचा. मला तर वाटतं, त्या आवाजाला तो बिचकला होता. पण हे बोलणार कोण? दोन मिनिटांचा चांगला तास झाला.

दुपारी वरवंडला लग्न. पुन्हा तेच, "बंद करू नको." कार्यालयातून जिलेबीचा वास येत होता आणि मामांनी स्टिअरिंगमागे बसून फडक्यातली भाकरी सोडली. चालू गाडी सोडून पंगतीला जाणार कसं? इतकी वर्षं ते आप्पांबरोबर लग्नाला येत होते आणि घरची भाकरी खाऊन परत जात होते.

"बंद का करत न्हाई?" मी विचारलं.

मामांनी मला नीट समजावून सांगितलं. गाडी चालू दिसली की आप्पा घाईत आहेत असं लोकांना वाटतं. मग कोणी धरून ठेवत नाही. भाषण लवकर होतं, पुढच्या गावाला वेळेत पोचता येतं. बंद केली की लोक जेवायला बसवतात, बदलीची कामं सांगतात, बांधाची भांडणं घेऊन येतात. "आन् बंद केली की मलाच बोलत्यात," मामा म्हणाले, "तुला मुक्काम करायचाय का म्हनून."

थोडक्यात, ते इंजिन गाडी हलवण्यासाठी नव्हतंच. ते आप्पांच्या घाईचा भोंगा होतं.

निघताना मामांनी गाडी रेस केली आणि मागे निळ्या धुराचा लोट उठला. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. मांडवातली वऱ्हाडी मंडळी नाकाला पदर लावून उभी होती आणि आप्पा पुढच्या सीटवरून त्यांना हात करत होते. पुढे बसणाऱ्याला आपला धूर दिसत नाही.

आता थोडं इंजिनाबद्दल. सिलिंडरमध्ये पिस्टन वरखाली होतो. त्याच्या खाचांत पोलादी रिंगा असतात. सगळ्यात खालची रिंग भिंतीवरचं ऑइल खरवडून परत खाली पाठवते. गाडी रस्त्यावर ओढ घेत असली की इंजिन तापतं, दाब वाढतो, रिंगा भिंतीला घट्ट भिडतात. तासन्‌तास नुसतं उभं राहून चाललं की दाब कमी, आच कमी. डिझेल अर्धवट जळतं, काजळी खाचांत बसते आणि रिंगा तिथंच चिकटतात. मग ऑइल खरवडणारं कोणी उरत नाही. ते वर चढतं आणि जळून जातं. मीटरला यातलं काही कळत नाही, कारण मीटर चाकं मोजतं. आप्पांची गाडी वरवंडला जाऊन आली असं मीटर म्हणायचं, इंजिन तेवढ्यात पार सोलापूर करून आलेलं असायचं.

आप्पांना मी फक्त एवढंच म्हणालो की इंजिन उघडावं लागेल.

"उघडा. निकाल लागंपर्यंत चावी माझ्याकडं." फाट्यावरच्या चार माणसांसमोर त्यांनी मामांच्या हातातून चावी घेतली. गाडी माझ्याकडे, इंजिन निघायच्या बेतात, चावीचा उपयोग शून्य. पण मामांचा चेहरा उतरला तो उतरलाच. ते एसटीनं घरी गेले.

इंजिन उघडलं. जे वाटलं होतं तेच निघालं. रिंगा काजळीत अशा रुतल्या होत्या की अंगठ्यानं दाबूनही हलत नव्हत्या. व्हॉल्व्हची रबरी सीलं वाळून कडक झाली होती. सिलिंडरच्या भिंतीवर ऑइल धरून ठेवणाऱ्या बारीक रेघा असतात, त्या घासून गुळगुळीत झाल्या होत्या. मी तीन पिस्टन धुतले आणि एक तसाच ठेवला. आप्पांना पुरावा लागणार, हे मला माहीत होतं.

ते दोन संचालकांना घेऊन आले. मामांनाही बोलावलं होतं. मी काळा पिस्टन आप्पांच्या हातात दिला.

"ऑइल चोरीला गेलं न्हाई आप्पा. हितं जळलं. गाडी उभी आसताना चालू ठेवली की आसं हुतं."

"कोन ठेवतं चालू?" आप्पांनी विचारलं.

संचालकांनी चहात तोंड घातलं. उत्तर त्या दोघांना आणि मामांना माहीत होतं, मी धरून चौघांना. मी तोंड उघडणार तेवढ्यात मामा बोलले.

"चूक माझीच हाय आप्पा. तुमी आत गेल्यावर बंद कराया पायजे हुती."

आप्पांनी पिस्टन उजेडात धरला. बोटानं रिंग हलवून पाहिली. मग पिस्टन टेबलावर ठेवला, काळी बोटं पुसली आणि खिशातून चावी काढली.

"घे बबन. आन् हितनं फुडं उभी गाडी चालू ठिवलीस तर माझ्याशी गाठ हाय."

"व्हय आप्पा."

मला भयंकर राग आला. माफी तर नाहीच, वर दम. पण मामांनी ती चावी दोन्ही हातांत घेतली आणि त्यांचे डोळे भरून आले. चार माणसांसमोर गेलेली चावी चार माणसांसमोर परत आली होती. मी राग गिळला आणि कामाला लागलो.

नव्या रिंगा टाकल्या, सिलिंडरला होनिंग करून नव्या रेघा पाडल्या, सीलं बदलली. पथ्य सांगितलं की नव्या रिंगा बसेपर्यंत उभी गाडी अजिबात चालू ठेवायची नाही. आप्पांनी ते मनावर घेतलं. महिन्यानं डिपस्टिक बघितली, ऑइल नखभरसुद्धा उतरलं नव्हतं. आता तर आप्पा दुसऱ्यांच्या ड्रायव्हरांना थांबवून रिंगांची माहिती देतात. ती त्यांनी स्वतःच शोधून काढल्यासारखी देतात, तेवढं चालायचंच.

मामांच्या मुलीचं लग्न वरवंडलाच ठरल्याप्रमाणे झालं. मामा वधुपिता, म्हणून आप्पा गाडी स्वतः चालवत आले. दारात थांबले, गाडी बंद केली, चावी खिशात टाकली. लोक बघतच राहिले. मामांचा हात धरून ते आत गेले आणि माइक हातात घेतला. बबन घरातला माणूस, असा प्रामाणिक माणूस तालुक्यात नाही, इथून सुरुवात झाली. मामांनी उपरण्यानं डोळे पुसले. मला वाटलं, माफी मागायची ही आप्पांची पद्धत असेल. मनापासून बरं वाटलं.

पण आता त्यांना कसलीच घाई नव्हती. दूध संस्था झाली, पाण्याची योजना झाली, पिस्टनच्या रिंगाही झाल्या. मुहूर्त टळला. अक्षता हातात धरून लोक उभे, नवरदेव घामाघूम. आम्ही मेकॅनिक एक बिघाड काढतो तेव्हा त्यानं काय काय दाबून धरलं होतं, ते बघायला विसरतो.

मामा हळूच माझ्या कानाशी लागले.

"रशीदभाई, दोनच मिन्टं गाडी चालू ठिवली तर लई बिघडंल का?"

"काय बिघडत न्हाई मामा," मी म्हणालो. "पन चावी त्यांच्या खिशात हाय."