मागे राहिलेली गाडी

माझी लेक आणि जावई समीर इंग्लंडमध्ये कालव्यावरच्या बोटीत राहतात. एका काठाला फार दिवस थांबायचं नाही, असा तिथला नियम. मी महिनाभरासाठी आलेय, पण जीव थाऱ्यावर नाही.

आज दिवसभर बोट माणसाच्या चालीनं सरकत राहिली. संध्याकाळी नव्या काठाला दोर बांधले, मी चहा टाकला, तर समीर छपरावरची सायकल उतरवायला लागला. त्यांची गाडी सकाळी बोट सोडली त्या जागीच उभी होती. ती आणायला काठाकाठानं उलटं जायचं.

"अरे, चहा तरी घेऊन जा."

"आलोच, आई. येताना काय, गाडीच आहे!"

म्हणजे आमचा अख्खा दिवस ती गाडी चुटकीसरशी संपवणार. मला उगाच राग आला. त्याची पाठ झाडांआड जाईपर्यंत मी खिडकीतून बघत राहिले. घर पुढे, गाडी मागे, आणि मधे पायडल मारणारा माणूस. साताऱ्यात असते तेव्हा माझा जीव लेकीपाशी असतो, आणि इथे आले की तिथल्या कुलूपबंद घरातल्या कुंड्यांपाशी.

"आई, आता इथेच राहा ना," कप पुसता पुसता लेक म्हणाली.

"बघू," मी म्हटलं.

तेवढ्यात काठावर गाडीचे दिवे दिसले. समीरनं डिकीतून सायकल काढून पुन्हा छपरावर चढवली. त्याचं आता मागे काहीच राहिलं नव्हतं.

तिकडे मध्यरात्र होत आलीय हे ठाऊक असूनही मी शेजारच्या कुसुमताईंना मेसेज टाकला, "जास्वंदीला पाणी घातलंत ना?"