दौंडचा कोड, शिरूरची हद्द

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. नोकरीत असताना मी तिच्या दोन्ही काठांवर काम केलं. चोऱ्या, मारामाऱ्या, हायवेवरचे अपघात, कंपन्यांच्या गेटवरची भांडणं, सगळं पाहिलं. त्यातलं बरंचसं आता डोक्यातून गेलं आहे. पण एका सरपंच बाईंना घरच्या फोनवर आलेली धमकी आणि त्या धमकीमागचा टेलिफोनचा कोड, हे प्रकरण काल घडल्यासारखं डोळ्यांपुढे उभं राहतं. नावं कुणाचीच सांगणार नाही. त्यातली काही माणसं अजून त्याच गावात नांदतात.

आजच्या मुलांना कोड म्हणजे काय हेच सांगावं लागतं. घरात तारेचा फोन असायचा आणि प्रत्येक भागाला आपला कोड असायचा. पुणे शहराचा ०२०, शिरूरचा ०२१३८, दौंडचा ०२११७. त्याही आधी कॉल बुक करून तासन् तास बसावं लागे. कोड आले आणि थेट फोन लागू लागला. आपल्याच कोडच्या भागात फोन करायचा तर नुसता नंबर फिरवायचा, दुसऱ्या भागात करायचा तर आधी कोड. पुढे शेजारच्या भागासाठी शून्याच्या जागी ९५ लावून स्वस्तात बोलण्याची सोय झाली. लोक म्हणत, शिरूरचा कोड म्हणजे शिरूर तालुका, दौंडचा कोड म्हणजे दौंड तालुका. मीही तसंच समजत होतो. त्या समजुतीवरच एका माणसाने आपला बेत रचला होता.

मी तेव्हा शिरूर तालुक्यातल्या एका ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. नुकताच बदलून आलो होतो. एका सकाळी हजेरी आटोपून बाहेर आलो, तर ठाणे अंमलदाराच्या टेबलासमोर चाळिशीच्या एक बाई उभ्या होत्या. सोबत एक पुरुष. अंमलदार त्यांना समजावत होता, "ताई, नंबर दौंडचा आहे. हे काम तिकडच्या ठाण्याचं. तुम्ही तिकडं जा."

"तिकडंच गेल्ते," बाई म्हणाल्या. "ते म्हणत्यात, फोन शिरूरात वाजला, तिकडं जा. नदीला पाणी न्हाई म्हणून मी ह्या काठावरनं त्या काठावर फिरत बसू व्हय?"

सोबतचा माणूस हळू आवाजात म्हणाला, "वहिनी, चला. साहेब लोकांचा कशाला टाइम घेताय?"

"भाऊजी, तुम्ही जायचं तर जावा." बाईंनी बाकड्यावर बसकण मारली. "मी तक्रार लिहिल्याबिगर उठत न्हाई."

मी त्यांना आत बोलावलं. त्या भीमाकाठच्या एका गावच्या सरपंच होत्या. नवरा वारलेला. शेवंती आणि भाजीपाल्याची शेती त्या स्वतः करत. एकुलती मुलगी रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कामाला होती, कारेगावात दोन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहत होती. सोबतचा माणूस त्यांचा चुलत दीर, ग्रामपंचायतीचा सदस्य. जागा महिलांसाठी राखीव झाली तेव्हा त्यानेच वहिनींना उभं केलं, निवडून आणलं, असं तो मला लगेच सांगून मोकळा झाला.

भांडण वाळूचं होतं. गावाजवळच्या पात्रातून वाळू उपसायला एका ठेकेदाराला परवानगी हवी होती आणि त्यासाठी ग्रामसभेची शिफारस लागत होती. आधीच्या उपशाने काठच्या विहिरींचं पाणी खाली गेलं होतं. बाईंनी शिफारशीविरुद्ध ठराव मांडायचं ठरवलं. ग्रामसभेची नोटीस लागली आणि फोन सुरू झाले. तोंडावर कापड धरून कुणीतरी बोलायचं. शेवटच्या फोनवर सांगितलं होतं, "ठराव मागं घे. न्हाईतर पोरगी कारेगावच्या खोलीवर पोचायची न्हाई."

बाईंच्या फोनला नंबर दिसायची डबी जोडलेली होती. प्रत्येक वेळी एकच नंबर, पुढे दौंडचा कोड.

"पलीकडचेच वाळूवाले हायती, साहेब," दीर म्हणाला. "नंबरच सांगतोय की. लई वाईट लोकं. मी वहिनींना म्हणतोय, सरपंचकी सोडा, पोरीकडं बघा."

"पोरीला मी सांगितलंय," बाई म्हणाल्या. "ती म्हणाली, आई, तू सोडलीस तर मी गावाला येणार न्हाई."

मी गुन्हा नोंदवला. फोन जिथून केला आणि जिथे ऐकला, त्या दोन्ही ठिकाणच्या पोलिसांना त्याचा तपास करता येतो. हद्दीचं कारण सांगून माणसाला परत पाठवणं हा कायदा नव्हे, आळस आहे. मुलीच्या येण्याजाण्याच्या वेळेला कारेगावात गस्तीची गाडी फिरेल अशी व्यवस्था केली.

त्याच संध्याकाळी माझ्या वरिष्ठांनी मला बोलावलं. त्यांना कुठून तरी फोन आला होता. "नवीन आहात," ते म्हणाले. "गावकीच्या राजकारणात पडू नका. किरकोळ नोंद करून दौंडकडे पाठवून द्या."

"सर, गुन्हा दाखल झालाय. तपास माझ्याकडे आहे."

"बदली होईल."

"होऊ द्या, सर. तोवर तपास करतो."

त्यांनी पुढची फाइल ओढली. मी सॅल्यूट करून बाहेर आलो.

दुसऱ्या दिवशी पत्र घेऊन टेलिफोन खात्याच्या अभियंत्यांकडे गेलो. त्यांनी नंबर पाहिला आणि सांगितलं, हा सार्वजनिक बूथ आहे. गावाचं नाव ऐकून मी म्हणालो, "काहीतरी चुकतंय. हे गाव तर आमच्या हद्दीत आहे. नदीच्या अलीकडे."

ते हसले आणि मला भिंतीवरच्या नकाशाजवळ घेऊन गेले. टेलिफोनच्या भागांची रेघ तालुक्याच्या रेघेवरून जात होती, पण त्या एका जागी ती नदी ओलांडून अलीकडे आली होती. गावात पहिल्यांदा फोन आले तेव्हा शिरूरकडची लाइन तिथवर पोचलीच नव्हती. पुलावरून खांब टाकून पलीकडून लाइन आणली. एक्स्चेंज दौंडला जोडलं गेलं, म्हणून कोडही दौंडचा मिळाला. पुढे शिरूरची लाइन जवळ आली, पण नंबर बदलायला गावकरी तयार होईनात. सात-बारा शिरूरचा, मतदान शिरूरला, पोलीस ठाणं शिरूरचं, आणि फोन दौंडचा. आपल्याच तालुक्याच्या कचेरीत फोन लावायचा तर तिथल्या लोकांना परगावचा कोड फिरवावा लागे.

म्हणजे दोन ठाणी ज्या माणसाला एकमेकांवर ढकलत होती, तो आमच्याच हद्दीत उभा राहून फोन करत होता.

परत येताना बाईंच्या मळ्यावर थांबलो. त्या शेवंतीची तोडणी करत होत्या. मी त्या गावाचं नाव घेतलं आणि विचारलं, "तिथं तुमच्या ओळखीचं कोण?"

"आमचं कुणी न्हाई तिथं. धाकट्या जावंचं माहेर हाय फक्त." एवढं बोलताना त्यांचा हात फुलावरच थांबला. धाकटी जाऊ म्हणजे त्याच चुलत दिराची बायको.

हातातलं फूल त्यांनी पाटीत टाकलं. मग म्हणाल्या, "नुसती सासुरवाडी हाय म्हणून माणसाला धरू नका, साहेब. खात्री करा."

"आणि खात्री झाली तर?"

"झाली तर मग माझ्याकडं बघून सोडू नका."

दिराला मी ठाण्यावर बोलावलं. दरडावून चौकशी केली की सराईत गुन्हेगार गप्प बसतो आणि नवखा माणूस रडतो. दोन्हींचा उपयोग नसतो. मी चहा मागवला आणि म्हणालो, "तपास आता दौंडकडे जातोय. आमचं काम संपल्यात जमा आहे."

त्याचे खांदे सैल झाले. "बरं झालं, साहेब. पलीकडचेच हायती ते."

"तुमचं कधी जाणं होतं पलीकडं?"

"न्हाई. वरसात पूल ओलांडला न्हाई."

"सासुरवाडी कुठली तुमची?"

त्याने गावाचं नाव सांगितलं.

"तिथं फोन आहे सासऱ्यांकडे?"

"हाय की."

"घरून त्यांना फोन लावता तेव्हा कोड कोणता फिरवता?"

कपबशी त्याच्या हातात थबकली. खरं सांगावं तर दौंडचा कोड तोंडातून येणार. तो म्हणाला, "कोड कशाला? तालुका एकच हाय. सरळ नंबर फिरवायचा."

मी टेबलावरचा फोन त्याच्यापुढे सरकवला. "लावा. सासूबाईंची खुशाली विचारा. बिनकोडाचा लावा."

त्याने रिसीव्हर उचलला. बोट आकड्यांवर नेलं आणि तिथेच धरून ठेवलं. बिनकोडाचा फोन लागणार नाही, हे त्याला माझ्याइतकंच ठाऊक होतं. रिसीव्हरमधला डायल टोन मला टेबलाच्या अलीकडे ऐकू येत होता.

"राहू द्या, साहेब," तो अखेर म्हणाला.

मग सगळं बाहेर आलं. वहिनींना निवडून आणताना त्याचा हिशेब वेगळा होता. त्या सह्या करणार आणि कारभार तो बघणार. पण बाई कागद वाचल्याशिवाय सही करेनात. त्यांनी राजीनामा दिला तर पुढची सरपंच त्याची बायको होणार होती आणि ठेकेदाराला त्याने शब्द देऊन ठेवला होता. वहिनींच्या फोनवर नंबर दिसतो हे त्याला माहीत होतं. सासुरवाडीचा नंबर दौंडचा वाटतो हेही माहीत होतं. संशय नदीपलीकडे जाईल आणि दोन ठाण्यांच्या मध्ये वहिनी दमतील, एवढा विचार त्याने केला होता. दमल्या नाहीत, तेवढंच त्याचं चुकलं.

पण पोलिसापुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते. साक्षीदार हवा होता. बूथचा मालक पायाने अधू होता, त्यावरच त्याचं घर चालत होतं. मला पाहताच त्याने हात जोडले. "दिवसभर माणसं येत्यात, साहेब. कोण काय बोलतं, मी कान देत न्हाई."

बाईंना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मी येते." मी नको म्हटलं तरी त्या आल्या. बूथसमोर उभं राहून त्यांनी पदर खांद्यावरून घेतला आणि त्याला म्हणाल्या, "दादा, मीच ती बाई. तुमच्या ह्या फोनवरनं माझ्या पोरीला मारायची भाषा झाली."

तो खाली बघू लागला.

"तुम्ही बोलला तर तुमच्या काचा फुटतील, मला ठाव हाय. माझ्या मळ्याचं पाइप तोडून झाल्यात. मी घाबरत न्हाई असं न्हाई. पण घाबरून गप बसायचं का घाबरून बोलायचं, एवढंच आपल्या हातात हाय."

"माझं पोट ह्याच्यावर हाय, ताई."

"माझंबी पोट ह्याच नदीवर हाय."

एक गिऱ्हाईक आलं, त्याला त्याने फोन बंद आहे असं सांगून परत पाठवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "लिहून घ्या. गावचा जावई हाय तो. तोंडावर उपरणं धरून बोलायचा. मी इचारलं तर म्हणला, दाढ दुखती."

जबाब घेतला, दिराला अटक केली. पाठोपाठ भावकीतले म्हातारे ठाण्यावर आले. घरातली गोष्ट घरात मिटवू म्हणाले. सर्वांत वयस्कर आप्पा तिथेच बसलेल्या बाईंना म्हणाले, "पोरी, घराण्याचं नाव जातंय."

"आप्पा," बाई उभ्या राहिल्या, "पोरीला मारायची धमकी दिली तवा नाव गेलं न्हाई, आन् मी तक्रार केली तवा गेलं?" दिराकडे त्या एकदाच वळल्या. "पोरीला बोटाला धरून शाळेत तुम्ही सोडलंवतं, भाऊजी. फोनवर तिचं नाव घेताना जीभ कशी वळली?"

त्या तक्रार मागे न घेता निघून गेल्या.

ग्रामसभेला मी बंदोबस्तावर होतो. ठेकेदाराची माणसं जीप लावून देवळासमोर उभी होती. एरवी ग्रामसभेला न येणाऱ्या बायका त्या दिवशी शेतातून तशाच आल्या, खुरपी हातात, डोक्याला फडकं. मुलगीही कंपनीतून रजा काढून आली आणि सगळ्यांना दिसेल अशी पहिल्या रांगेत बसली. बाईंनी ठराव वाचला. हात वर करा म्हटल्यावर इतके हात वर गेले की ग्रामसेवकाला मोजताना दोनदा सुरुवात करावी लागली. जीप वळून निघून गेली.

खटला रेंगाळला. एक पंच उलटला. बूथवाल्याच्या काचा खरंच फुटल्या, पण तो कोर्टात आला आणि जे पाहिलं तेच बोलला. शिक्षा लहान झाली, पण झाली. माझी बदलीही ठरल्याप्रमाणे झाली, तीही लांब. निरोपाच्या दिवशी बाई ठाण्यावर शेवंतीची जुडी देऊन गेल्या. आभार वगैरे त्या काही बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "नव्या ठिकाणी माझ्यासारखी कोण आली, तर बसायला सांगा."

या प्रकरणाने मला दोन गोष्टी शिकवल्या. धमकी देणारा बहुधा लांबचा नसतो. तो लांबचा वाटावा अशी सोय त्याने केलेली असते. आणि हद्द ही सरकारने कामाच्या सोयीसाठी आखलेली रेघ आहे, पोलिसाने मागे लपण्यासाठी नव्हे. टेलिफोनवाल्यांची रेघ वेगळी, महसुलाची वेगळी, आमची वेगळी. भ्यालेला माणूस यातली एकही रेघ बघून येत नाही. तो पहिलं दार दिसेल तिथे येतो.

त्यानंतर ज्या ज्या ठाण्यात गेलो, तिथे पहिल्याच दिवशी सांगितलं, की आलेल्याला आधी बसवा, त्याचं लिहून घ्या, हद्द मग बघू. यामुळे ठाण्याचे गुन्ह्यांचे आकडे वाढतात, असं काही वरिष्ठांनी मला सुनावलं. कागदावर ते चांगलं दिसत नाही, म्हणाले. मी म्हटलं, न दिसो.