एका सेलवर

लग्नात माझ्या रंगरूपापेक्षा माझ्या डिग्रीचं कौतुक जास्त झालं. ‘मुलगी इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर आहे,’ असं सासरे मांडवात ज्याला त्याला सांगत होते आणि मी बावळट, हुरळून गेले होते. सिडकोतल्या त्या घरात पाऊल टाकलं आणि उलगडा झाला. घर वर, कारखाना खाली, मध्ये एक जिना. माझं पुढचं सगळं आयुष्य त्या जिन्यावर वरखाली करण्यात जाणार होतं.

सासऱ्यांना सगळे दादा म्हणायचे, मीही. माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. वाईट असते तर कडाकडा भांडता आलं असतं. मखमलाबादकडे झेंडू आणि भाजीपाल्याचा मळा असलेल्या घरातून ते आलेले. विहिरीवरच्या मोटारींचे स्टार्टर बनवत बनवत त्यांनी तो खालचा कारखाना उभा केला होता. पुढे जो तो द्राक्षं बोटीने परदेशी धाडायला लागला, तेव्हा त्यांच्या डोक्यात आलं की पेट्यांमध्ये एक डबी ठेवून द्यावी. वाटेत थंडावा किती राहिला, ते ती टिपून ठेवणार. कुणी मध्येच कूलिंग बंद केलं तर डबी चुगली करणार. कल्पना खरंच छान होती. बनवायची कुणी, हे विचारायची गरजच नव्हती.

त्या डबीचा जीव म्हणजे एक चिमुकली चिप, मायक्रोकंट्रोलर. अगदी थोड्या विजेवर चालणाऱ्या अशा चिप तेव्हा नव्याने मिळायला लागल्या होत्या. तिची सगळी खुबी झोपेत. घड्याळाच्या बटणसेलवर ती महिनोन्‌महिने चालते, कारण बहुतेक वेळ ती झोपलेलीच असते. ठरल्या वेळी उठायचं, तापमान टिपायचं, पुन्हा झोपायचं. तिचा एक पाय, म्हणजे पिन, मात्र कायम जागा असतो. त्या पायावर हाक आली की असेल तशी उठते. डबी सुरू करायचं बटण मी त्या पायाला जोडलं होतं. खरं सांगते, मला त्या चिपचा हेवा वाटायचा. वरून ‘कुकर लावलास का गं?’ आणि खालून ‘बेटा, जरा ये बरं,’ अशा हाका मलाही होत्याच. मधली झोप तेवढी माझ्या वाट्याला नव्हती.

त्याच सुमारास मी बंगळूरच्या एका कंपनीत गुपचूप अर्ज केला. तिथे चिप विकत आणून सोल्डरिंगचे डाग देत बसायचं नव्हतं, चिपच्या आतला गाभाच घडवायचा होता. कमी विजेत जास्त काम कसं करून घ्यायचं, याचाच विचार दिवसभर करायचा आणि त्यासाठी कुणी जिन्यातून हाक मारणार नाही, एवढ्या कल्पनेनेच माझं पोट भरायचं. मी निवडले गेले. यांना आधी सांगितलं. म्हणजे नवऱ्याला. हे म्हणाले, “मी पण बघतो की तिकडे काहीतरी. तू दादांशी बोल.” स्वतः बोलायची हिंमत नव्हती, हे वेगळं सांगायला नको.

दादांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “अडवणारा मी कोण, बेटा? एवढी डबी तेवढी तडीस ने. एका सेलवर बोटीचा अख्खा प्रवास झाला, की तू मोकळी.”

कंपनी उन्हाळ्यापर्यंत थांबायला तयार झाली. माझी सुटका आता नखाएवढ्या सेलमध्ये होती.

खंडेनवमीला खाली पूजा मांडली. मळ्यातला झेंडू आला, लेथला हार, ड्रिलला हार, पकडी-पान्यांना हळदकुंकू. डब्यांचे पहिले बोर्ड नुकतेच तयार झाले होते, तेही पाटावर ठेवले. सासूबाईंनी ओल्या बोटाने प्रत्येकाला मायेने टिळा लावला, अगदी मधोमध, चिपवरच. दुसऱ्या दिवशी मी फडक्याने बोर्ड पुसून डब्यांत बसवले. नंतरही बोर्ड बनवले होते, पण दादा म्हणाले, “पूजेतले आधी जाऊ देत. शुभ असतात.”

थंडीत त्या डब्या पिंपळगावच्या कोल्ड स्टोरेजमध्ये चाचणीला ठेवल्या. बोटीच्या प्रवासाइतके दिवस तिथे काढायचे, मग खरी बोट. तिथल्या माणसाला मी चारचारदा बजावलं होतं की डबी झोपलेली असणं चांगलं, जागी राहिली तर घात. काही दिवसांनी त्याचा फोन आला.

“ताई, समद्या झोपल्या बघा.”

“सगळ्या? नक्की?”

“लय गाढ. बटण दाबलं तरी उठत नाय.”

पहिलं वाक्य ऐकूनच मी मनातल्या मनात बॅग भरायला घेतली होती. शेवटचं वाक्य डोक्यात शिरायला वेळ लागला. झोपल्या नव्हत्या, मेल्या होत्या. सेल ठार रिकामे.

मग जे सुरू झालं ते आठवलं तरी अजून अंगावर येतं. माझ्या टेबलावर त्याच डब्या नव्या सेलवर शहाण्यासारख्या झोपायच्या. पिंपळगावला नेल्या की जाग्या, आणि सेल खलास. मी प्रोग्राम पुन्हा लिहिला, पुन्हा पुन्हा लिहिला. हे मागे उभे राहून विचारायचे, “अजून किती?” सासूबाई जिन्यातून विचारायच्या, “झोपलं का गं ते?” शेजारणीला वाटायचं आमच्याकडे पाळणा हललाय. बंगळूरची वेळ जवळ येत होती आणि मी एका कुंकवाएवढ्या चिपपुढे हात टेकले होते.

कुंकवाएवढ्या, हे मी आत्ता म्हणतेय. तेव्हा भिंग घेऊन बसले आणि चिपच्या पायांमध्ये लालसर रेघ दिसली, तेव्हाच टाळकं ठिकाणावर आलं. टिळा मी वरून पुसला होता, पण ओलं कुंकू पायांच्या फटीत उतरून बसलं होतं. कोरड्या हवेत ते गुमान राहायचं. कोल्ड स्टोरेजच्या दमटपणात ओल धरायचं, त्यातून वीज झिरपायची आणि त्या जाग्या पायाला वाटायचं, कुणीतरी बटण दाबतंय. बिचारी चिप सारखी उठत राहायची. बोलावलेलं कुणीच नसायचं.

मी आधी हसले, मग मला इतका संताप आला की भिंग आपटलं. सासूबाईंना सांगितलं, तर त्यांचा चेहरा पडला. “देवाचं केलं, तेच वाईट झालं का?” त्यांना समजावण्यात माझी अख्खी दुपार गेली. बोर्ड स्पिरिटच्या बोळ्याने घासून काढले. त्यानंतर पिंपळगावच्या सगळ्या डब्या खऱ्याखुऱ्या झोपल्या.

हंगामाच्या शेवटी एक डबी द्राक्षांबरोबर बोटीने गेली आणि विमानाने परत आली. मी बटण दाबलं. उठली. एकही नोंद चुकली नव्हती आणि सेलमध्ये भरपूर जीव शिल्लक होता. दादांनी गल्लीत पेढे वाटले. मी पेढा हातात धरून उभी होते.

“दादा, मग मी बंगळूरला कळवू?”

त्यांना खरंच आश्चर्य वाटलं. “अगं, आता? द्राक्षं भरून पाठवणारे पॅकहाउसवाले दारात उभे आहेत. आता तर तुझ्यावाचून पानही हलणार नाही.” मी यांच्याकडे पाहिलं. हे पेढ्याचा कागद उलगडत होते. डबी चालली नसती तर मी अडकले असते, आणि चालली म्हणून जास्तच अडकले. ती जागा कंपनीने दुसऱ्या कुणाला दिली.

पुढच्या खंडेनवमीला बोर्ड प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून कपाटात ठेवले होते. “त्यांना हात लावायचा नाही,” दादांनी सगळ्यांना बजावलं. लेथ झाला, ड्रिल झालं, पकडी झाल्या. सासूबाई ताट घेऊन थांबल्या, तेव्हा दादा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, “आणि आपलं खरं मशीन राहिलंच की.” सगळे हसले, अगदी प्रेमाने. सासूबाईंनी माझ्या कपाळाला हळदकुंकू लावलं, डोक्यावर अक्षता टाकल्या आणि झेंडूचा उरलेला हार माझ्या गळ्यात घातला. दादांनी हात जोडले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते सगळ्यांना आनंदाचं वाटलं.

मंडळी वर जेवायला गेली. मी हार काढून लेथवर ठेवला, स्पिरिटचा बोळा घेतला आणि कपाळ पुसलं. खूप चरचरलं. तेवढ्यात जिन्यातून हाक आली. मी पर्समधली टिकली लावली आणि वर गेले.