पहिला घोट मंगलाचा

मंगला गेल्याचा फोन सकाळी आला, तेव्हा मला रडूच फुटलं नाही. "कशाने?" एवढंच विचारलं. "हार्ट अटॅक," तिचा दीर म्हणाला. माझ्या मनात मात्र भलतंच आलं… पाच आठवडे झाले, आता हे लिहायला बसलेय.

आम्ही दोघी एकाच वर्षी लग्न होऊन धानोऱ्यात आलो. ती धडाडीची, मी भित्री. तीन वर्षांपूर्वी तिने ग्रीन टीचा उद्योग काढला. सेंद्रिय पत्ती बाहेरून मागवायची, त्यात गवती चहा, सुकवलेली संत्र्याची साल, दालचिनी, लवंग. खांडबाऱ्याच्या एक शिक्षिकाबाई नाताळात आप्तांना भेट द्यायला त्या पुड्या घेत. आमच्याकडे चहा म्हणजे दुधाचा, उकळून उकळून लाल केलेला. तिचं ते पिवळं पाणी बघून आम्ही बायका हसायचो. "हासा, हासा. पिशात तव्हय समजी," ती म्हणायची. पुड्या बांधण्याआधी पहिला कप मात्र ती स्वतः प्यायची. "काय व्हई ते माले व्हई," म्हणायची.

यंदा तिचा गवती चहा वाळून गेला, म्हणून मी आमच्या मिरचीच्या शेताच्या बांधावरचा कापून दिला. "औषध नही ना मारेल?" तिने फवारणीचं विचारलं. "बांधले कोन मारस वं?" मी ठसक्यात म्हणाले. दोन दिवसांनी जेवताना आमचे हे सहज बोलून गेले, की मागच्या आठवड्यात मिरचीवर फवारताना वारा सुटला होता, अर्धं औषध बांधावरच उडालं. मी हातातला घास तसाच ताटात ठेवला. चार घरं पलीकडे तिचं घर, धावत जायला हवं होतं. पण कुठल्या तोंडाने? त्याच दुपारी तिचा फोन आला, "चाल सुनंदा, पुड्या भराले ये." डोकं दुखतंय म्हणून मी टाळलं. उद्या सांगू, म्हटलं. संध्याकाळी नाताळच्या तीस पुड्या खांडबाऱ्याला गेल्या, आणि दुसऱ्या सकाळी दिराचा फोन…

अंत्यदर्शनाला गेले तेव्हा तिचे ओठ निळे पडलेत का, एवढंच मी बघत होते. मैत्रीण गेली होती आणि मी हे बघत होते! मग खांडबाऱ्याच्या त्या तीस पुड्या डोळ्यांपुढून हलेनात. तिसऱ्या दिवशी बाईंना फोन लावला. "सगळे बरे आहात ना?" याच्या पुढे जीभ रेटेना. "हो, मंगलाबाईंचं ऐकून फार वाईट वाटलं. चहा मात्र सगळ्यांना आवडला हं," त्या म्हणाल्या. पण पहिला कप मंगलाच प्यायली होती, हे काही मनातून जाईना. दहाव्याला गेले नाही, तेराव्यालाही नाही. लोक काय म्हणाले असतील ते असो.

मागच्या आठवड्यात असह्य झालं, तेव्हा गेले. तिचे यजमान, प्रकाशभाऊ, ओसरीवर एकटेच बसले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

"तिनी तो गवती चहा वापराच नही," ते म्हणाले. "जुडी सोडताच औषधना वास वना तिले. बहीणकडथीन दुसरा मांगाडा. म्हने, सुनंदाले तुमी काही बोलू नका, ती भलती घाबरट शे. पुड्या भरता भरता मीच सांगसू तिले."

त्यासाठीच तिने बोलावलं होतं. आणि मी डोक्याला फडकं बांधून घरात पडून राहिले होते.