आईच्या टोमॅटोचं बी

टोमॅटो दोऱ्याने झाडाला बांधता येतो. घट्ट बांधला तर देठ तुटतो आणि सैल बांधला तर बहीण ओळखते. हे मी अनुभवाने सांगतो आहे.

बहीण म्हणजे आमची अक्का. माझ्याहून मोठी, राहायला रोह्याला. तिच्या परसात आईच्या वेळचा गावठी टोमॅटो होता. बसका, घड्याघड्यांचा, दिसायला अगदीच वेडाविद्रा. पण एक चिरला की पातेलंभर सार आंबट! आई गेल्यावर अक्काने दर वर्षी राखेत घोळून त्याचं बी जपलं. मग तिचे गुडघे गेले, मुलाने पुण्याला बोलावलं आणि घर विकायचं ठरलं. तिने मला बोलावून घेतलं आणि कागदाची पुडी हातात ठेवली.

"आईचं बी हाय, वसंता. सगळं तुलाच देते. मी आता फ्लॅटमध्ये कुठं लावू?"

तिचे डोळे भरले होते. माझेही. (त्या भरात मी म्हणालो, "अक्का, जिवापाड जपेन." अशा वेळी माणसाने नुसतं 'बरं' म्हणावं.)

आमचं घर पेणला, रामवाडीत. गच्चीवर रंगाच्या रिकाम्या बादल्यांत मी बी टाकलं आणि रोपं छान वर आली. मी नुकताच कंपनीतून रिटायर झालेलो, त्यामुळे आयुष्यभराची शिस्त त्या रोपांवर कोसळली. सकाळी पाणी, दुपारी सावली, संध्याकाळी विचारपूस! तरी ती माझ्या मनासारखी उंच होईनात. म्हणून खत आणलं. पिशवीवर चमचाभर लिहिलं होतं. आईच्या रोपांना चमच्याने काय मोजायचं, असं वाटून मी मूठभर घातलं.

बघता बघता सगळी रोपं चहाच्या चोथ्यासारखी काळपट झाली.

माझी बायको सुनंदा कपडे वाळत घालायला आली ती जिन्यातच थबकली. "अहो, हे काय केलंत?"

"खत दिलं."

"खत दिलंत, का अग्नी दिलात?"

मला हसू आलं नाही. मी बादल्यांसमोर स्टुलावर बसून रडलो. पुडीत एक बी उरलं नव्हतं, आणि अक्काच्या परसावर नव्या मालकाने जेसीबी फिरवला होता. आई दुसऱ्यांदा गेली आणि या वेळी मी पाठवली, असं वाटलं.

त्याच रविवारी अक्काचा फोन. "रोपं कशी हायत रे?"

"मस्त," मी म्हणालो.

झालं! मस्त म्हटल्यावर रोपं हवीतच. वडखळच्या नर्सरीतून हायब्रीड रोपं आणून त्याच बादल्यांत लावली. त्यांना मी हात लावला नाही, त्यामुळे ती जोमाने वाढली. गोल, गुळगुळीत, तकतकीत टोमॅटो लागले. फोनवर आकार दिसत नाही, म्हणून मी निर्धास्त होतो.

आणि एक दिवस अक्का म्हणाली, "पुण्याहून झाडं बघायला येते. उद्याच."

"सांगून टाका ना खरं," सुनंदा म्हणाली.

"तिचे गुडघे मोडलेत तेवढे पुरेत. मन कशाला मोडू?"

सुनंदा पिशवी घेऊन बाजारात गेली आणि डोंगराकडच्या वाडीवरून येणाऱ्या एका बाईकडून तसलेच बसके, घड्यांचे टोमॅटो घेऊन आली. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गच्चीवर बसून हायब्रीड टोमॅटो तोडले (ते वॉशिंग मशीनमध्ये लपवले) आणि गावठी टोमॅटो एकेक करून बांधले. घरात दोरा निघाला तो निळा!

अक्का एस.टी.ने आली. पाणीसुद्धा न घेता, कठड्याला धरत, कण्हत जिना चढली. झाडांकडे बघून तिने हात जोडले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग तिने एका टोमॅटोखाली अलगद तळवा धरला. टोमॅटो तिच्या हातात आला. दोऱ्यासकट.

"वसंता," ती शांतपणे म्हणाली, "आईच्या टमाट्याला निळा दोरा कधीपासून यायला लागला?"

मी सगळं सांगितलं. मूठ, अग्नी, वडखळ, वॉशिंग मशीन, सगळं. अक्का पाठ फिरवून कठड्यापाशी उभी राहिली. मग तिने तो टोमॅटो पदराला पुसला आणि चावला. रस मनगटावरून ओघळला. तिचे खांदे हलायला लागले, आणि ती रडते आहे की हसते आहे, हे मला कळेना.

"आईचाच हाय रे हा," ती म्हणाली. "कुठं मिळाला?"

रिक्षा करून आम्ही तिघं बाजारात गेलो. ती बाई पाटी आवरत होती.

"बी कुठलं गो?" अक्काने विचारलं.

"सासू लावायची, मी लावते."

"आणि सासूला कुणी दिलं?"

"तिला कुणी दिलं ते कुणाला ठाव!"

"आई मागेल त्याला बी वाटायची," अक्का माझ्याकडे वळून म्हणाली. ते बी फिरत फिरत इथवर आलं की नाही, देव जाणे. पण तिचा चेहरा बघून मी मान डोलावली, आणि खरं सांगतो, मलाही पटलं.

अक्काने उरलेली पाटी घेतली आणि आमच्याकडे मुक्काम ठोकला. बी काढलं, धुतलं, राखेत घोळून सुकवलं. शेजाऱ्यांना दिलं, सुनंदाला दिलं, पुण्याच्या गॅलरीसाठी घेतलं.

"मला?" मी विचारलं.

तिने मला कोरफडीची कुंडी दिली. "ही लाव. ही काय केल्या मरत नाय."

सुनंदाच्या टोमॅटोंना आता फुलं आली आहेत. कोरफड पिवळी पडली आहे.